भांगेच्या फुलाचे तेल: कस ठरतो कुठे?

दसरा उलटला की मेहकरच्या बाजार समितीत सोयाबीनची आवक वाढते आणि भावाची तीच ती चर्चा पुन्हा सुरू होते. २०२४-२५च्या हंगामासाठी केंद्राने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर केला होता. विदर्भ-मराठवाड्यातल्या बहुतेक बाजारांत माल त्याच्या खालीच गेला. बियाणे, खत, फवारणी आणि मळणीचा खर्च वजा जाता हातात काय उरले, हे ज्याचे त्याला ठाऊक. अशा वेळी मोबाइलवर एखादा व्हिडिओ फिरत येतो. हेम्प लावा, फुलांचे सीबीडी तेल विका, एकरी लाखो मिळवा, असे त्यात सांगितलेले असते. त्याच मोबाइलवर दुसरी जाहिरात येते. गुडघेदुखी, झोप, चिंता, मधुमेह या सगळ्यांवर 'विजया अर्का'चे चार थेंब, किंमत हजारांत. पहिला व्हिडिओ वावरात राबणाऱ्या मुलासाठी आणि दुसरी जाहिरात त्याच्या घरातल्या म्हाताऱ्या आईसाठी.

हे मोह कशातून जन्मतात ते सोलापूर जिल्ह्यात दिसले होते. मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने २०२१ साली दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली. कोणत्याच पिकाला भाव नाही, हे त्याचे कारण. राज्यभर बातमी झाली, परवानगी मिळाली नाही.

हे तेल खरोखर असते, त्यातून खरे औषधही बनले आहे. पण ते कसे निघते, चांगले-वाईट कशावरून ठरते आणि कायदा कुठे उभा आहे, हे समजल्याशिवाय पेरणाऱ्याने पेरू नये आणि घेणाऱ्याने घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

एकच झाड, निरनिराळे कायदे

हेम्प, भांग आणि गांजा हे सगळे कॅनाबिस सटायव्हा या एकाच वनस्पतीचे. फरक आहे तो झाडात तयार होणाऱ्या रसायनांच्या प्रमाणाचा. टीएचसी हे नशा आणणारे रसायन. सीबीडी नशा आणत नाही. ज्या जातीत टीएचसी नगण्य असते तिला हेम्प म्हणतात. अमेरिकेने २०१८च्या शेती कायद्यात ही रेघ वाळलेल्या मालाच्या वजनाच्या ०.३ टक्क्यांवर ओढली. आपल्याकडे उत्तराखंडाने औद्योगिक हेम्पला परवानगी देताना हीच मर्यादा धरली.

आपल्या १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, म्हणजे एनडीपीएस कायद्यात, मात्र टीएचसीच्या टक्क्यांची अशी रेघच नाही. झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा, मग त्यात टीएचसी कितीही असो. बिया आणि पाने फुलोऱ्यासोबत नसतील तर ती गांजाच्या व्याख्येतून वगळली आहेत. कलम १४ प्रमाणे सरकार धागा, बियाणे किंवा उद्यानविद्येसाठी लागवडीची परवानगी देऊ शकते; कलम १० प्रमाणे राज्याला लागवड आणि उत्पादनाबाबत नियम करण्याचे अधिकार आहेत. परवान्याशिवाय झाड लावले तर कलम २० खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तुरीच्या किंवा पऱ्हाटीच्या ओळीत लावलेली झाडे पोलिसांनी उपटून नेल्याच्या बातम्या आपल्या भागात नव्या नाहीत. 'हे तर हेम्प आहे साहेब' हा युक्तिवाद तिथे कामाचा नाही.

महाराष्ट्रात आणखी एक पदर आहे. एनडीपीएसमधून पाने सुटली, तरी राज्याच्या १९४९च्या दारूबंदी कायद्यातून भांग सुटत नाही. दुसऱ्या बाजूला, औषध नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये भांगेचा समावेश असल्यामुळे परवानाधारक आयुर्वेद उत्पादक तिची औषधे बनवू शकतात. लेबलवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना मात्र बंधनकारक आहे. भारतात बाटलीवर 'विजया पत्र अर्क', म्हणजे भांगेच्या पानांचा अर्क, असे लिहिलेले दिसते त्यामागे हे कायद्याचे गणित आहे. फूल बंद, पान शर्तीवर खुले.

बियांचा मार्ग आणखी वेगळा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये हेम्पच्या बिया, बियांचे तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. बियांत तीस टक्क्यांच्या आसपास तेल असते, ते घाण्यावर निघते, आहाराला चांगले असते. पण त्या तेलात सीबीडी जवळजवळ नसतेच. बियांचे तेल सीबीडीच्या भावाने खपवणे ही या धंद्यातली सर्वांत सोपी फसवणूक आहे.

कलकत्त्यातला अर्क

या झाडाचा अर्क आधुनिक वैद्यकाच्या कसोटीवर आधी घासला गेला तो आपल्याच देशात. १८३९च्या सुमारास कलकत्ता मेडिकल कॉलेजातले डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांनी गांजाचे चिकट शेंडे मद्यार्कात उकळून राळ विरघळवून घेतली आणि त्या अर्काचे प्रयोग आधी प्राण्यांवर, मग रुग्णांवर केले. झटके येणाऱ्या एका तान्ह्या बाळाला त्यांनी हा अर्क दिल्याची नोंद आहे. पुढे १८९३-९४ मध्ये ब्रिटिश सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याने हजारावर साक्षी घेतल्या, वऱ्हाडही त्या चौकशीत होते.

सीबीडी वेगळे काढले गेले १९४० साली, अमेरिकेत रॉजर अ‍ॅडम्स यांच्या प्रयोगशाळेत. त्याची अचूक रचना इस्रायलच्या राफाएल मेशुलाम यांनी सहकाऱ्यासह १९६३ मध्ये उलगडली. ओशॉनेसींच्या त्या बाळाचे सूत्र पुन्हा हाती आले ते २०१८ मध्ये. ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या लहान मुलांच्या अवघड अपस्मारांवर शुद्ध सीबीडीचे 'एपिडायोलेक्स' हे औषध अमेरिकेने मंजूर केले. एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम सीबीडी, आणि ते विरघळवलेले तिळाच्या तेलात. दर बाटलीत तेच प्रमाण असेल याची हमी हा त्या औषधाचा पाया आहे. ती हमी कशी येते, ते आता वावरापासून पाहू.

वावरात काय ठरते

मादी झाडाच्या फुलोऱ्यावर भिंग धरले तर बारीक केसांसारखे देठ दिसतात आणि प्रत्येक देठाच्या टोकाला चकाकणारा गोळा. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान. सगळी राळ या गोळ्यात असते. कोवळेपणी तो काचेसारखा पारदर्शक, भरात आला की दुधाळ आणि उतरणीला लागला की तांबूस. तोडणीची वेळ याच रंगावरून ठरवतात. जोरात हाताळले, आपटले, पोत्यात कोंबले की गोळे झडतात आणि माल तिथेच हलका होतो.

राळेत सीबीडी किती आणि टीएचसी किती, हे प्रमाण मुख्यतः बियाण्याच्या आनुवंशिकतेवर ठरते. झाडावर ताण पडला की टीएचसी वाढते अशी समजूत होती. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या अभ्यासात, सीबीडीसाठी वाढवलेल्या जातींना पाण्याचा, जखमांचा ताण देऊनही हे गुणोत्तर फारसे हलले नाही. मात्र फूल जसजसे पिकते तसतशी दोन्ही रसायने सोबत वाढतात. सीबीडीच्या लोभाने आठवडाभर थांबले की टीएचसीही मर्यादा ओलांडू शकते आणि उभे पीक बेकायदा ठरते. जिथे हे पीक कायदेशीर आहे, तिथेही ते जाळण्याची वेळ शेतकऱ्यांवर अशीच येते.

आता हे मेहकरच्या जमिनीवर आणून बघू. हे झाड दिवस लहान झाला की फुलावर येते. युरोपातल्या अनेक जाती दिवस चौदा-पंधरा तासांच्या खाली उतरला की फुलू लागतात. मेहकर विसाव्या अक्षांशाजवळ. इथे जूनमधला सर्वांत मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आसपासच असतो. म्हणजे परदेशी बियाणे इथे आणून मृगावर पेरले तर झाड पुरते वाढण्याआधीच फुलोरा धरणार. पाकिटावरचा उतारा तिथल्या अक्षांशाचा असतो, आपल्या नव्हे.

दुसरी अडचण जमिनीची. पैनगंगेच्या खोऱ्यातली काळी भारी जमीन पाणी धरून ठेवते; कपाशीला ते मानवते, या झाडाला मुळाशी साचलेले पाणी सोसत नाही. तिसरी अडचण परतीच्या पावसाची. त्या पावसाने सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटलेले आपण पाहिले आहेत. घट्ट, चिकट फुलोऱ्यात त्याच दिवसांत बुरशी शिरली तर फूल आतून कुजते आणि काही बुरशी तर विषेही सोडतात.

चौथी गोष्ट सर्वांत गंभीर. ही वनस्पती जमिनीतले कॅडमियम, शिसे, निकेल यांसारखे जड धातू ओढून घेते. दूषित जमीन स्वच्छ करण्यासाठी जगात तिचे प्रयोग झाले ते याच गुणामुळे. फवारणीचे अंश राळेत सहज मुरतात आणि अर्क काढताना सीबीडीसोबत तेही घट्ट होतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विदर्भ विसरलेला नाही. त्याच सवयीची फवारणी औषधी फुलावर झाली तर विष थेट आजाऱ्याच्या जिभेखाली जाईल.

फुलापासून बाटलीपर्यंत

तोडणीनंतर माल सावलीत, खेळत्या हवेत वाळवतात, आर्द्रता दहा-बारा टक्क्यांवर येईपर्यंत. खळ्यावर कडक उन्हात पसरला तर सुगंधी तेले उडतात आणि रसायने प्रकाशाने खराब होतात. ओला राहिला तर बुरशी. इथे घाई करणाऱ्याचा माल पुढे कोणतेही यंत्र सुधारू शकत नाही.

ताज्या फुलात सीबीडी थेट नसते, त्याचे आम्लरूप असते, त्याला सीबीडीए म्हणतात. साधारण ११० ते १२० अंश सेल्सिअसला तापवले की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि सीबीडी उरते. वजनही घटते: १०० ग्रॅम सीबीडीएपासून जास्तीत जास्त ८७.७ ग्रॅम सीबीडी. अहवालात 'एकूण सीबीडी' हा आकडा याच हिशेबाने काढतात. उष्णता कमी पडली तर रूपांतर अर्धवट राहते, जास्त झाली तर सीबीडी स्वतःच बिघडते.

मग अर्क. हे काम घाण्याचे नाही. घाण्यात बियांतले तेल दाबाने निघते आणि ढेप उरते; इथे तेल फुलाच्या पृष्ठभागावरच्या राळेत आहे आणि ते विरघळवूनच काढावे लागते. सोयाबीनच्या सॉल्व्हंट प्लांटमध्ये हेक्झेन जे काम करते, तेच काम इथे वेगवेगळे द्रावक करतात.

पहिला मार्ग मद्यार्काचा, ओशॉनेसींचाच. फरक तापमानाचा. गरम मद्यार्क पानाफुलांतला हिरवा रंग आणि मेणही ओढून आणतो, अर्क काळपट आणि कडू होतो. म्हणून चांगले कारखाने मद्यार्क शून्याखाली वीस ते चाळीस अंशांपर्यंत थंड करूनच मालावर सोडतात.

दुसरा मार्ग कार्बन डायऑक्साइडचा. ३१ अंश सेल्सिअस आणि सुमारे ७४ बार दाबाच्या पुढे हा वायू धड वायूही राहत नाही आणि धड द्रवही नाही. वायूसारखा शिरतो आणि द्रवासारखा विरघळवतो. दाब-तापमान बदलून तो आधी सुगंधी तेले आणि मग सीबीडी, असे वेगवेगळे उतरवून घेतो. शेवटी दाब सोडला की वायू उडून जातो, अंश मागे ठेवत नाही. पोलादी जाड भांडी, पंप आणि प्रशिक्षित माणसे लागतात, भांडवल मोठे लागते.

तिसरा मार्ग ब्यूटेन-प्रोपेनचा. अर्क सुरेख निघतो, पण हे वायू स्फोटक आहेत. घरगुती जुगाडात झालेल्या स्फोटांनी परदेशात माणसे होरपळली आहेत. या वाटेला कुणीही हौसेने जाऊ नये.

पहिल्या अर्कात मेण असतेच. तो पुन्हा मद्यार्कात विरघळवून शून्याखाली वीस अंश किंवा त्याहून थंडीत दिवसभर ठेवतात. स्वच्छ सोनेरी द्रव हळूहळू गढुळतो, मग पांढरट मेणाचे पुंजके तळाशी बसू लागतात. ते गाळून काढायचे आणि मद्यार्क निर्वात पात्रात मंद आचेवर उडवून परत मिळवायचा. त्यापुढे निर्वात ऊर्ध्वपातन केले की घट्ट मधाच्या रंगाचा अर्क मिळतो, आणि स्फटिक पाडले की ९९ टक्के शुद्ध पांढरी भुकटी. ती ६६-६७ अंशांना वितळते. सगळ्यात शेवटी हे खोबऱ्याच्या तेलातून काढलेल्या एमसीटी तेलात किंवा तिळाच्या तेलात मिसळतात आणि बाटली भरतात.

टीएचसीचा हिशेब

इथे बहुतेकांची नजर चुकते. समजा फुलात ७.५ टक्के सीबीडी आणि ०.३ टक्के टीएचसी आहे. माल कायद्याच्या रेघेवर, म्हणजे हेम्प. प्रमाण पंचवीसास एक. आता त्याचा अर्क काढून सीबीडी ६० टक्क्यांवर नेले तर टीएचसी २.४ टक्के होते, रेघेच्या आठपट. द्रावकाला दोन्ही रेणू जवळजवळ सारखेच. त्यांचे रासायनिक सूत्रही एकच. त्याच अर्काची ३० मिलिलिटरची, १,५०० मिलिग्रॅम सीबीडीची बाटली भरली तर तिच्यात ६० मिलिग्रॅम टीएचसी असेल. रोज एक मिलिलिटर घेणाऱ्याच्या पोटात रोज दोन मिलिग्रॅम जाईल. वाहन चालवणाऱ्याने किंवा नोकरीत तपासणी होणाऱ्याने हे माहीत करूनच घ्यायला हवे.

टीएचसी वेगळे काढायचे तर क्रोमॅटोग्राफी किंवा स्फटिकीकरण करावे लागते. बाजारातली नावे यावरूनच आली आहेत: 'फुल स्पेक्ट्रम' म्हणजे सगळे घटक, टीएचसीसकट, 'ब्रॉड स्पेक्ट्रम' म्हणजे टीएचसी काढलेला, 'आयसोलेट' म्हणजे निव्वळ सीबीडी.

बाटली कशी वाचावी

२०१७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक तपासणी प्रसिद्ध झाली. ऑनलाइन विकत घेतलेल्या ८४ सीबीडी उत्पादनांपैकी जेमतेम ३१ टक्क्यांच्या लेबलवरचा आकडा खरा निघाला. ४३ टक्क्यांत सीबीडी जास्त होते, २६ टक्क्यांत कमी, आणि १८ नमुन्यांत टीएचसी सापडले.

म्हणून मागायचा तो प्रयोगशाळेचा विश्लेषण अहवाल, आणि तोही आपल्या हातातल्या बाटलीच्या बॅच क्रमांकाचा. त्यात सीबीडी-टीएचसीचे प्रमाण एचपीएलसी पद्धतीने काढलेले असावे. कारण गॅस क्रोमॅटोग्राफीच्या उष्णतेने आम्लरूपे तपासतानाच बदलतात. द्रावकांचे अंश, शिसे-कॅडमियम-आर्सेनिक-पारा, कीटकनाशके आणि बुरशी यांचे स्वतंत्र तक्ते असावेत. औषधांतल्या द्रावकांचे आंतरराष्ट्रीय निकष मद्यार्काला दहा लाखांत ५,००० भाग चालवून घेतात, हेक्झेनला फक्त २९०. एकही तक्ता नसेल तर बाटली परत ठेवावी. बाटली गडद काचेची हवी. उजेड आणि हवेने सीबीडी बिघडून तेलाला जांभळट झाक येते.

मात्रेचाही हिशेब करावा. वर सांगितलेल्या बाटलीच्या एका थेंबात साधारण अडीच मिलिग्रॅम सीबीडी येते. अपस्मारावर सिद्ध झालेली मात्रा शरीराच्या वजनाच्या दर किलोला दिवसाला पाच मिलिग्रॅमपासून सुरू होते. वीस किलोच्या मुलाला दिवसाला १०० मिलिग्रॅम. त्या औषधाचा पुरावा दाखवून चार थेंब विकणे हा प्रामाणिक व्यवहार नाही. मोठ्या मात्रेत यकृतावर ताण येऊ शकतो, आणि रक्त पातळ करणाऱ्या किंवा फिटच्या गोळ्यांशी सीबीडीची गुंतागुंत होते. आईच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक थेंबही देऊ नये. आणि मधुमेह बरा होतो असे सांगणारा खोटे बोलतो आहे, हे निःशंक समजावे.

आता करायचे काय

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध नवा नाही. मुंबईत २०१३ साली काही तरुणांनी बॉम्बे हेम्प कंपनी सुरू केली. रतन टाटांनी तिच्यात पैसा घातला. जम्मूच्या भारतीय एकात्मिक वैद्यक संस्थेबरोबर तिने संशोधनाचा करार केला. म्हणजे कंपनी मुंबईची, पण झाडांवरचे काम जम्मूत. हिमाचल प्रदेशाने जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर आणि नौणी इथल्या आपल्या दोन विद्यापीठांना नियंत्रित लागवडीचा पथदर्शी अभ्यास सोपवला.

आपल्याकडे अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, त्याचे नागार्जुन वनौषधी उद्यान आहे. राज्य सरकारने कायद्यातल्या अधिकाराने या विद्यापीठाला कुंपणाआड चाचणी करू द्यावी: आपल्या दिवसमानात कोणती जात टिकते, भारी आणि हलक्या जमिनीत काय होते, परतीच्या पावसातून फूल वाचते का. उत्तर 'नाही' आले तरी चालेल. ते सरकारी शेतावर कळणे शेतकऱ्याच्या वावरात कळण्यापेक्षा शतपटीने बरे. चाचणी यशस्वी झालीच तर लागवडीआधी जिल्ह्याच्या आवाक्यात तपासणीची प्रयोगशाळा हवी आणि माल घेणारा परवानाधारक कारखाना हवा.

तोपर्यंत, शेतकरी बंधूंनो, कुणी बियाण्याची पिशवी आणि बायबॅकचा करार घेऊन दारात आला तर त्याला आधी राज्य शासनाचा लागवड परवाना दाखवायला सांगा, तोही तुमच्या नावाचा आणि तुमच्या गट क्रमांकाचा. सफेद मुसळी, इमू आणि कडकनाथच्या वेळी असेच करार झाले होते. करार करणारे निघून गेले आणि कर्ज सातबाऱ्यावर राहिले. यावेळी कर्जासोबत तुरुंगही आहे. परवान्याशिवाय एक बीसुद्धा मातीत टाकू नका.